धूर कुणाच्या खिडकीत जातो

प्रश्न: आमच्या घरामागे साधारण 9 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद मोकळी जागा आहे. थंडीत संध्याकाळी सगळ्यांना तिथे बसता यावं म्हणून फायर पिट, म्हणजे अंगणात आग पेटवायचं कुंड, घ्यायचं ठरलं आणि तिथूनच घरात धुसफूस सुरू झाली. नवऱ्याला लाकडाचीच शेकोटी हवी आहे. त्याचे वडील थंडीत रोज संध्याकाळी शेकोटी पेटवायचे. ते आता नाहीत. ‘गॅसची ज्योत म्हणजे शोभेची वस्तू, तिच्यापुढे बसून करायचं काय?’ असं तो म्हणतो. मला गॅस हवा आहे, कारण सासूबाईंना दमा आहे आणि आमचा मुलगा 4 वर्षांचा आहे. शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी आमच्या कुंपणाला लागून आहे आणि जागेवर एका झाडाची मोठी फांदी आली आहे. नवऱ्याच्या मते वारा घराकडून बाहेर वाहतो, त्यामुळे धूर आत येणारच नाही. सासूबाई म्हणतात, ‘माझ्यासाठी काही अडवू नका.’ आमच्यापैकी कोणाचं बरोबर?

उत्तर:

ताई, निर्णय आधी सांगते. या जागेत, या माणसांसाठी गॅसच घ्या. पण एवढंच लिहून थांबले तर घरातला वाद मिटणार नाही, फक्त एकाची हार होईल. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं इतकं पोकळ नाही की त्याला असं हरवावं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे पत्र दोघांनी मिळून वाचा.

सासूबाईंपासून सुरुवात करू. ‘माझ्यासाठी काही अडवू नका’ असं मोठी माणसं मायेने म्हणतात. त्या मायेचा मान ठेवायचा, पण ती परवानगी समजायची नाही. लाकूड उघड्यावर कधीच पूर्ण जळत नाही. जिथे हवा कमी पडते किंवा पुरेशी धग नसते, तिथून अर्धवट जळालेले वायू आणि काजळीचे बारीक कण निसटतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, बेंझिन आणि फॉर्माल्डिहाइड असतं. दम्याच्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात ते कण. त्यातले बहुतेक अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या हिश्शाएवढे असतात. नाक आणि घसा त्यांना अडवू शकत नाहीत, ते फुप्फुसात खोलवर पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये या कणांची मर्यादा आणखी खाली आणली आणि 24 तासांची सरासरी एका घनमीटर हवेत 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी असं सांगितलं. धुराच्या वाटेत बसलेल्या माणसाभोवतीची हवा तेवढ्या वेळापुरती याच्या कितीतरी पट वर जाते. निरोगी माणसाचे डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास लागतो आणि सकाळी तो विसरून जातो. दमेकऱ्याची मात्र रात्र जागून निघते.

आता वाऱ्याचं. नवऱ्याने पाहिलंय ते चुकीचं नसेल, पण ते दिवसा पाहिलेलं असणार. आकाश स्वच्छ असतं आणि वारा पडलेला असतो, अशा रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यामुळे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. अशा वेळी धूर थोडा वर चढतो, निवतो आणि मग वर जायचं सोडून आडवा पसरतो. शेकोटीपुढे बसावंसं वाटतं त्या संध्याकाळी नेमक्या अशाच असतात: गार, स्वच्छ, निवांत. वारा असलाच तरी घराच्या आणि कुंपणाच्या भिंतींमध्ये तो सरळ वाहत नाही, कोपऱ्यांत घुटमळतो, उलटा फिरतो. ‘मी जिथे बसतो तिथेच धूर येतो’ अशी तक्रार शेकोटीभोवती नेहमी ऐकू येते आणि ती खरीही असते. आग सगळ्या बाजूंनी हवा ओढून घेते. तुम्ही जवळ बसलात की त्या बाजूची हवा तुमच्या अंगाने अडते, तिथे दाब किंचित कमी होतो आणि धूर तिकडे झुकतो. म्हणजे सासूबाईंना जवळ बसवलं तर धूर त्यांच्याकडे झुकणार, आणि लांब घरात बसवलं तर हा सगळा खटाटोप कोणासाठी?

आणि ती खिडकी. माझ्या लेखी हा मुद्दा सासूबाईंच्या दम्याइतकाच मोठा आहे. तुमच्या घरातली माणसं निदान स्वतःहून शेकोटीशी येऊन बसतील. खिडकीपलीकडच्या माणसांना कोणी विचारलेलं नाही. त्यांच्याकडे तान्हं मूल असेल, रात्रपाळी करून झोपलेलं कोणी असेल, आणखी कोणाला दमा असेल. इतके बारीक कण बंद खिडकीच्या फटींतूनही आत शिरतात. लाकडाची शेकोटी घेताना आपण आपल्या अंगणापुरता निर्णय घेत नसतो, कारण धुराला कुंपण कळत नाही.

यावर तुमचा नवरा नक्की म्हणेल, ‘मी सुकंच लाकूड आणीन.’ त्याने फरक पडतो, आणि मोठा पडतो. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीही असू शकतं. आगीची बरीचशी ताकद आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. जाळ थंड पडतो, लाकूड धुमसतं आणि धूर वाढतो. नीट वाळलेल्या लाकडात पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली येतं. अशा एका किलोतून ओल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता मिळते. तरीही उत्तम वाळलेलं लाकूड पेटताना धूर देतं, नवीन ओंडका टाकला की देतं, आणि शेवटी जाळ बसून निखारे उरतात तेव्हाही देतं. धूर कमी होतो, संपत नाही. एरवी मी ‘कमी’वर समाधान मानलं असतं. तुमच्या अंगणात मानत नाही.

आता तुमच्या नवऱ्याच्या बाजूने बोलते. गॅसवाले हे कबूल करत नाहीत, पण गॅसची ज्योत म्हणजे लाकडाची शेकोटी नव्हे. लाकूड तडतडतं, कारण त्याच्या आत अडकलेलं पाणी आणि राळ तापून वाफ होते आणि ती तंतू फोडून बाहेर येते. त्या आवाजाने माणसावर खरोखर परिणाम होतो. अलाबामा विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफर लिन यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना पडद्यावर जळती आग दाखवून त्यांचा रक्तदाब मोजला होता. आगीचा आवाजही ऐकवला तेव्हा रक्तदाब उतरला; नुसत्या मुक्या चित्राने तसा उतरला नाही. लाकडाला वास असतो, आणि तो वास ज्या रेणूंचा असतो, त्यातले ग्वायकोल आणि सिरिंगोल हे लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकाच्या जळण्यातून तयार होतात. गॅसमध्ये लिग्निनच नाही, तर तो वास येणार कुठून? लाकडाची आग हलवावी लागते, ओंडका फिरवावा लागतो, फुंकर घालावी लागते. हाताला काम असलं की माणूस न अवघडता बोलतो किंवा गप्प बसतो. शेवटी निखारे उरतात आणि त्यांच्याकडे बघत अर्धा तास सहज निघून जातो. गॅसचा नॉब फिरवला की सगळं एका क्षणात संपतं. ज्याला ही उणीव जाणवत नाही, त्याने शेकोटीपुढे फारसा वेळ घालवलेला नसावा असं मला वाटतं.

तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत तर त्याहून मोठी गोष्ट आहे. त्याला वडिलांची संध्याकाळ परत हवी आहे. तुम्ही ‘धूर, दमा, मुलगा’ म्हणता तेव्हा त्याला ऐकू येतं ते असं, की ती संध्याकाळ या घरात नको आहे. म्हणून गॅसचं समर्थन करताना ‘गॅस काय, लाकूड काय, सारखंच’ असं चुकूनही म्हणू नका. त्यापेक्षा ‘यात तुझं काय जातंय ते मला कळतंय’ एवढं म्हणा.

मात्र शेकोटीतला एक भाग गॅसमध्येही शिल्लक राहतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या जु/’होआन्सी लोकांच्या गप्पांची नोंद ठेवली होती. 2014 मध्ये त्यांनी ती मांडली, तेव्हा दिवसाच्या आणि रात्रीच्या बोलण्यातला फरक दिसून आला. दिवसा लोक कामधंद्याचं बोलत, तक्रारी करत, एकमेकांवर टीका करत. रात्री आगीच्या उजेडात मात्र 81 टक्के बोलणं गोष्टींचं असे. अंधारात एक उजेड, त्याची ऊब आणि त्याच्याभोवती वर्तुळात बसलेली माणसं, एवढं गॅसवरही जमतं. वडिलांच्या गोष्टी नातवाला सांगायच्या असतील तर त्या तिथे सांगता येतील, आणि ज्या बाईने त्या शेकोट्या सगळ्यात जास्त पाहिल्या ती खोकल्याशिवाय शेजारी बसलेली असेल.

मधला मार्ग म्हणून दुकानदार तुम्हाला ‘स्मोकलेस’ फायर पिट दाखवतील. त्यात फसवणूक नाही. त्याची भिंत दुहेरी असते. खालून शिरलेली हवा दोन भिंतींच्या मधून वर चढताना तापते आणि काठाजवळच्या भोकांतून आत येते. एरवी धूर म्हणून उडून गेले असते ते वायू तिथे पुन्हा पेट घेतात. लाकूड सुकं असेल आणि जाळ चांगला धरला असेल तर धूर खरंच फार कमी दिसतो. पण पेटवल्यावरची पहिली काही मिनिटं आणि शेवटचं धुमसणं त्यालाही टळत नाही. ओलं लाकूड घातलं किंवा भोकांच्या वर रचलं तर तोही साध्या शेकोटीसारखाच धुरतो. शिवाय जाळ खोल भांड्यात असल्याने ऊब जास्त करून वर जाते, पायांना कमी लागते. मोठं अंगण, लांबचे शेजारी आणि दम्याचं कोणी नाही, अशा घराला मी तो आनंदाने सुचवला असता.

आता गॅस घेताना काय पाहायचं ते. हा भाग रुक्ष आहे, पण हाच काळजीपूर्वक वाचा. गॅसला धूर नसतो म्हणून त्याला धोका नसतो असं नव्हे.

पहिली गोष्ट वजनाची. सिलिंडरमधला प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड असतो आणि ब्युटेन दुप्पट. गळती झाली तर तो उडून जात नाही. पाण्यासारखा खाली उतरतो आणि खड्ड्यात, गटारात, तळघराच्या पायऱ्यांवर साचतो. त्यामुळे सिलिंडर ज्या कप्प्यात ठेवणार त्याला तळाशी, समोरासमोरच्या दोन बाजूंना उघडी भोकं हवीत. विटांचं देखणं बंद कुंड बांधून त्यात सिलिंडर लपवणारे गवंडी मी पाहिले आहेत. तसं करू देऊ नका. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो आणि तो हवेपेक्षा हलका, म्हणून तिथे भोकं वरच्या बाजूलाही लागतात. दोन्ही वायूंचा दाब वेगळा आणि बर्नरच्या जेटचं छिद्रही वेगळं, म्हणून एकासाठी घेतलेलं उपकरण दुसऱ्याला तसंच जोडायचं नाही. पाइपची जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, यात हात राखू नका.

दुसरी गोष्ट, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय. ज्योतीजवळ एक थर्मोकपल, म्हणजे उष्णता ओळखणारा भाग, असतो. तो थंड पडला की झडप मिटते. उघड्यावर वाऱ्याच्या झोताने ज्योत विझणं हे रोजचंच आहे, आणि घरात 4 वर्षांचं मूल आहे जे एक दिवस नॉब फिरवणारच. ही सोय नसलेलं, काडीने पेटवायचं स्वस्त मॉडेल कितीही सुंदर दिसलं तरी तुमच्या घरात नको.

उबेचा हिशोब असा. 15 किलोवॉटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला एका किलोहून थोडा जास्त गॅस घेतो. 10 किलोचा सिलिंडर 8-9 तास पुरेल. तेवढीच उष्णता लाकडातून काढायची तर तासाला साडेतीन ते चार किलो सुकं लाकूड जाळावं लागेल. पण दोन्हीकडे बरीचशी उष्णता सरळ आकाशात जाते, आणि आपल्या अंगाला लागते ती समोरून येणारी धग. लाकडाच्या निखाऱ्यांना ती भरपूर असते, नुसत्या गॅसच्या ज्योतीला कमी. म्हणून गॅस घेतल्यावर ‘ऊबच लागत नाही’ अशी निराशा पुष्कळांच्या वाट्याला येते. त्यावर उपाय आहे: बर्नरवर लाव्हा दगड किंवा सिरॅमिकचे ओंडके ठेवायचे. ते तापून लाल होतात आणि धग चहूकडे फेकतात. ओंडके मात्र माहितीपत्रकात दाखवल्याप्रमाणेच रचा. ज्योत त्यांच्यावर वाटेल तशी आपटली तर काजळी धरते. खुर्च्या बुटक्या घ्या आणि जवळ मांडा. अंतर दुप्पट झालं की धग साधारण चौथ्या हिश्शावर येते, त्यामुळे अर्धा मीटर पुढे सरकल्यानेही पुष्कळ फरक पडतो.

नदीतले गोटे गोळा करून बर्नरवर ठेवू नका. दिसतात छान, पण त्यांच्या आत शिरलेलं पाणी तापून वाफ होतं आणि गोटा फुटून तुकडे उडतात. साधी काचही नको, या कामासाठी बनवलेली कडक केलेली काच मिळते. लाव्हा दगड पावसात भिजले असतील तर ते सुद्धा आरंभी तडकू शकतात, म्हणून पेटवल्यावर सुरुवातीला बराच वेळ कोणाला जवळ येऊ देऊ नका.

कडाक्याच्या थंडीत एक गोंधळ होतो, तोही सांगून ठेवते. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत द्रवाचा वायू होत राहतो, ब्युटेन मात्र शून्याच्या जवळपासच थांबतो. तुमच्याकडे पारा शून्याखाली जात असेल तर सिलिंडर प्रोपेनचा घ्या. आणि वायू सुटताना सिलिंडर स्वतःच गार होतो, बाहेरून घाम धरतो, प्रसंगी हिम धरतो आणि ज्योत लहान होते. तो संपलेला नसतो, थकलेला असतो. ज्योत कमी करा, त्याला वेळ द्या. त्याला ऊब देण्यासाठी काहीही करू नका आणि आडवा तर कधीच करू नका, द्रव थेट नळीत जाईल.

मोसमाच्या सुरुवातीला जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले की गळती. गॅसला मुद्दाम दिलेला उग्र वास वृद्ध माणसांना कधी कधी जाणवत नाही, म्हणून नाकावर भिस्त नको. नळीला भेगा दिसल्या तर ती बदला. बर्नरच्या नळीत कोळी जाळी करतात. वाचायला विचित्र वाटेल, पण बरेच महिने बंद असलेल्या बर्नरची ज्योत भलतीकडून यायला लागली तर आधी तिथे बघायचं.

गॅस सगळ्याच बाबतीत स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि दम्याला तोही चांगला नाही. उघड्यावर तो चटकन विरतो, म्हणूनच छपराखाली, तंबूत किंवा तीन बाजूंनी बंद जागेत ही आग पेटवायची नाही. शिवाय हा जमिनीखालून काढलेला इंधनवायू आहे, जाळला की पृथ्वीच्या पोटातला कार्बन हवेत येतो. म्हणून गरज नसताना नुसती शोभेला ज्योत चालू ठेवू नका. बसाल तेवढाच वेळ पेटवा.

तुमच्या मुलाबद्दल आता. आग पेटलेली असताना आपण सगळे सावध असतो. भाजण्याचे प्रसंग येतात ते नंतर. गॅस बंद केल्यावर ज्योत दिसत नाही, पण धातूचा काठ आणि दगड बराच वेळ चटका देतील इतके तापलेले असतात. लाकडाचं त्याहून वाईट: वरून करडी, शांत दिसणारी राख आत निखारे जपून ठेवते, प्रसंगी दोन-तीन दिवस. हे मी अनुभवाने सांगते. आमच्याकडे लाकडाची शेकोटी होती तेव्हा एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी मी थंड वाटलेली राख पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि खोकं शेडच्या लाकडी भिंतीला टेकवून ठेवलं. दुपारी खोक्याला भोक पडलं होतं आणि भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग काळा होऊन धुमसत होता. घरात कोणी नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तेव्हापासून झाकणाचा लोखंडी डबा, आणि तोही घरापासून लांब. निखाऱ्यांवर वाळू टाकून झाकणं हा उपायही चुकीचा आहे. वाळूखाली धग टिकून राहते, वरून दिसत मात्र नाही, आणि मूल त्यावर निर्धास्त पाय ठेवतं. पाणी थोडं थोडं शिंपडायचं, ढवळायचं, पुन्हा शिंपडायचं. गॅसमुळे राखेची ही भीती जाते. काठाची भीती राहते. म्हणून आगीभोवती एक मीटरवर जमिनीवर वर्तुळ आखा आणि आग असो नसो, त्याच्या आत जायचं नाही हा नियम मुलाला पहिल्या दिवसापासून लावा.

फांदीचं उत्तर सोपं आहे. आगीच्या थेट वर काहीही नको, गॅस असला तरीही. एक तर फांदी जाणकाराकडून छाटून घ्या किंवा जागा बदला. घर, कुंपण, झुडपं यांच्यापासून निदान 3 मीटर धरा आणि उपकरणासोबत आलेल्या माहितीपत्रकात जास्त सांगितलं असेल तर तेवढं. तुमची जागा 6 मीटर रुंद आहे, म्हणजे बरोबर मध्यावर ठेवलं तर दोन्हीकडे जेमतेम 3 मीटर मिळतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेली अग्निसंहिता जमिनीवरच्या उघड्या शेकोटीला इमारतीपासून 25 फूट, म्हणजे साडेसात मीटरांहून जास्त अंतर मागते. ठिणगी किती लांब उडते याचा विचार करून हे आकडे ठरतात. तुमच्याकडचा नियम तुमच्या अग्निशमन केंद्रात विचारून घ्या, पण नियम काहीही असो, लाकडाच्या ठिणगीला तुमच्या अंगणात पुरेशी जागाच नाही. दम्याचा प्रश्न नसता तरी मी इथे अडले असते.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांच्याकडे जागा ऐसपैस आहे, शेजार लांब आहे आणि घरात सगळ्यांचे श्वास मोकळे आहेत, त्यांनी खुशाल लाकूड निवडावं. मी स्वतः तसं निवडलं होतं आणि राखेचा तो प्रसंग सोडला तर त्याचा पश्चात्ताप नाही. फक्त लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं रचून किमान सहा महिने वाळवा. कठीण लाकडाला वर्ष-दोन वर्षंही लागतात. रंग दिलेलं, प्लायवूड, जुन्या फर्निचरचं, किंवा वाळवी लागू नये म्हणून रसायनात मुरवलेलं लाकूड जाळू नका. जुन्या मुरवलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं आणि ते धुरात आणि राखेत उतरतं. कण्हेरीच्या फांद्याही आगीत नकोत, ते झाड विषारी आहे. आणि लाकूड लांबून आणू नका. 2002 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडलेला अ‍ॅश वृक्षांना पोखरणारा हिरवा भुंगा सरपणाच्या ओंडक्यांतून गावोगाव पोचला आणि त्याने कोट्यवधी झाडं मारली.

ताई, परत तुमच्याकडे येते. खरेदीच्या आधी एक संध्याकाळ अशी काढा. अंगणाच्या मध्यावर एक रिकामं घमेलं उपडं ठेवा, त्याच्याभोवती खुर्च्या मांडा, टेपने अंतरं मोजा. वारा पडला की पातळ कागदाची एक पट्टी काठीला बांधून ती चारही बाजूंना धरून बघा, हवा कुठे जाते ते दिसेल. हे नवऱ्याला करू द्या, तुम्ही नुसतं बघा. कागदाची पट्टी खिडकीकडे वळलेली त्याने स्वतः पाहिली तर त्याला पटवायला तुम्हाला शब्द लागणार नाहीत. आणि गॅस ठरला की पेटवण्याचं काम त्याच्याकडेच ठेवा. साबणाचं पाणी, नळी, दगड रचणं, सगळं त्याचं. वडिलांकडून आलेली गोष्ट त्याच्या हातातून काढून घेऊ नका.

वर्षातून एक-दोनदा त्याला खऱ्या लाकडाची शेकोटी करता येईल अशी जागा शोधा. एखाद्या मित्राची मोकळी जमीन असेल किंवा जिथे शेकोटी पेटवायची परवानगी असते असं शिबिराचं ठिकाण. तिथे मुलाला सोबत पाठवा, म्हणजे काटक्या कशा रचायच्या, फुंकर कुठून घालायची, निखारे पूर्ण विझेपर्यंत का थांबायचं हे तो बापाकडून शिकेल.

सासूबाईंना एकदा बाजूला घेऊन विचारा, त्या शेकोटीपाशी त्या कुठे बसायच्या, सासरे कोणत्या बाजूला असायचे. खुर्च्या मांडायची वेळ आली की त्यांची खुर्ची त्याच बाजूला मांडा.